पेन्सिलीने काढलेला धागा

रुग्णालयाच्या तळमजल्यावर प्रयोगशाळा होती आणि प्रयोगशाळेला एक खिडकी होती. त्या खिडकीच्या आत बसणाऱ्या माणसाला सगळे तोंडावर नुसतं काका म्हणत आणि पाठीमागे बहुतेककाका. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी 'बहुतेक' हा शब्द न लावता एखादं वाक्य पुरं केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. बाहेर पाऊस पडतोय का, असं कोणी विचारलं तर ते खिडकीतून हात बाहेर काढायचे, ओला झालेला तळवा बघायचे आणि म्हणायचे, "बहुतेक." घरी त्यांची बायको म्हणायची, "लग्नाला तुम्ही हो म्हणालात की बहुतेक म्हणालात, हे मला अजून कळलेलं नाही."

काकांना हे नाव ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना रागही नव्हता. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून ज्याने जन्म काढला, त्याला जगाबद्दल फार खात्रीने बोलवत नाही, असं त्यांचं मत होतं. काचेवर जे दिसतं ते काय आहे हे सांगणं सोपं वाटतं, पण कधी कधी हवेचा बुडबुडाही जंतूचं सोंग घेऊन बसलेला असतो. शिवाय काका मुळातच भिडस्त. दुपारची सुट्टी झाली की डबा खायचा, टेबलाच्या खणातलं पुस्तक काढायचं आणि घंटा होईपर्यंत मान वर करायची नाही. वरच्या तीन मजल्यांवर कोणते डॉक्टर बसतात हे त्यांना सह्यांवरून माहीत होतं, चेहऱ्यांवरून नाही.

त्या गुरुवारी दीड वाजता काकांनी पुस्तक उघडलं आणि खिडकीवर टकटक झाली. काचेपलीकडे एक म्हातारी उभी होती. हातात पिशवी, कपाळाला घाम, आणि चेहरा हसरा.

"अहो, तो कागद तुम्हीच दिला होतात ना सोमवारी? चांगला निघाला हो! म्हटलं, सांगून यावं."

"कोणाचा कागद?"

"माझ्या सुनेचा. ड्रायव्हरबाईचा. बस चालवते ती. सगळा वॉर्ड ओळखतो तिला, तुम्हीच तेवढे..." म्हातारीने पिशवी कठड्यावर ठेवली. म्हणजे आता ती लवकर जाणार नव्हती. "पंधरा दिवस झाले बघा. आधी गाल दुखायला लागला. आम्ही म्हटलं दाढ. दाढवाल्याने दाढ ठोकून बघितली, म्हणाला दाढ ठणठणीत आहे. मग गाल बधिर झाला. मग डावी पापणी खाली आली, दुकानाचं अर्धं शटर ओढावं तशी. आणि मग सगळं दोन दोन दिसायला लागलं. आता बस चालवणाऱ्या बाईला दोन रस्ते दिसायला लागले तर तिने कुठल्या रस्त्याने जायचं, सांगा! पण कार्टीची जीभ काही वळायची थांबत नाही. मला म्हणते, 'आई, एक सासू पुरे होती, देवाने आता दोन दिल्या.'"

काका हसले. त्यांना ती सून आठवली नाही, पण कागद आठवला. नाकातून काढलेला मांसाचा तुकडा, डाव्या बाजूचा. पोटॅशच्या पाण्यात तपासला, नंतर बुरशी उगवते का बघायला बशीत पेरला. बुधवारी बशी बघितली, कोरी होती. दोन्ही वेळा त्यांनी आपल्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: बुरशी आढळली नाही.

"डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला," म्हातारी सांगत होती. "म्हणाल्या, नाकाच्या शेजारच्या पोकळ्यांमध्ये काहीतरी भरलंय आणि ते मागे डोळ्याच्या शिरांपर्यंत गेलंय. जिथून सगळ्या शिरा एका भोकातून डोक्यात शिरतात ना, तिथे. म्हणाल्या, बुरशी असली तर मोठं ऑपरेशन, एखादेवेळी डोळासुद्धा काढावा लागतो. आणि बुरशी नसली तर मग नुसती सूज, तिला औषध आहे. तुमच्या कागदावर नाही लिहिलंय म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. आता चार वाजता सलाइनमधून ते सूज उतरवायचं औषध सुरू करतायत. तुमच्या तोंडात साखर पडो!" मग तिने जीभ चावली. "साखर नको बाई. तीच तर नडली तिला."

पिशवी उचलून म्हातारी गेली. काकांनी पुस्तकात डोकं घातलं. सूनबाईला साखर आहे, हे तिच्या अर्जावर कोणी लिहिलं नव्हतं. काकांनी ओळ वाचली. तीच ओळ पुन्हा वाचली.

त्यांच्या मागे बेसिनपाशी ताई भांडी धूत होती. ताई दोन महिन्यांपूर्वी मोठ्या प्रयोगशाळेतून बदली होऊन आली होती. दोन मुलांची आई, हात चटपटीत आणि तोंड त्याहून. तिने पांढरा दगडी खल उचलून उजेडात धरला.

"काका, हा खल मध्ये किती झिजलाय! उद्या आरपार दिसेल. एवढं काय खलता तुम्ही?"

"तुकडे," काका म्हणाले. "क्षयाची शंका असली की तुकडा खलावाच लागतो. त्याशिवाय जंतू सुटत नाहीत. मी बत्त्याखाली कणसुद्धा लागू देत नाही. मलमासारखा करतो आणि मग पेरतो."

हे सांगताना काकांच्या आवाजात किंचित ऐट होती. त्यांच्या सबंध कामात एवढी एकच गोष्ट होती जिच्याबद्दल ते 'बहुतेक' म्हणत नसत.

"ते क्षयाचं झालं. बुरशीचे तुकडे तर नाही ना खलत?"

"सगळेच खलतो."

ताईने नळ बंद केला. "अहो काका, आमच्याकडे त्याबद्दल सज्जड दम होता. आमचे साहेब म्हणायचे, तुकडा खलाल तर नोकरी खलाल. बाकीच्या बुरशीचं चालतं. त्यांच्या धाग्यात आडव्या भिंती असतात. आगगाडीसारखे डबे. एक डबा फुटला तरी दुसरा जिवंत राहतो, बशीत उगवतो. पण एक जात असते, तिच्या धाग्यात भिंतच नसते. अख्खा धागा म्हणजे एक लांबलचक बोगदा. कुठेही चेपला की आतलं सगळं बाहेर सांडतं. खललात की मेलीच ती. मग बशी कोरी राहते आणि आपण लिहितो, आढळली नाही. त्या तुकड्याच्या नुसत्या पातळ चकत्या करायच्या."

"ती जात," काकांनी पुस्तक मिटलं, "कोणाला होते ती?"

"साखर वाढलेल्यांना जास्त. नाकातून शिरते, बाजूच्या पोकळ्यांत बसते, तिथून डोळ्याच्या मागे..." ताई बोलता बोलता थांबली. मघाची म्हातारी तिनेही ऐकली होती.

बेसिनमध्ये नळ ठिबकत होता.

काका उठले. खलापाशी गेले, परत आले, खुर्चीवर बसले. बशी कोरी होती हे खरं, पण ती का कोरी होती हे आता त्यांना माहीत नव्हतं. ज्या हाताची त्यांना ऐट होती त्याच हाताने कदाचित पुरावा चिरडला होता. आणि तेवढंच नव्हतं. बशीच्या आधी, सोमवारी, त्यांनी तुकड्याचा एक कण काचेवर घेऊन पोटॅशच्या पाण्यात ठेवला होता. त्या पाण्यात मांस विरघळून जातं आणि जे विरघळत नाही ते मागे राहतं. बुरशी विरघळत नाही. कापूसही विरघळत नाही. आणि सोमवारी त्या काचेवर काहीतरी मागे राहिलं होतं.

तुकडा आला होता तो सुती गॉजच्या चिंधीत गुंडाळून. म्हणून काका तेव्हा मनाशी म्हणाले होते, चिंधीचा धागा. बहुतेक.

हे असं त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं, त्याला कारण होतं. वीस वर्षांपूर्वी त्यांनी असाच एक धागा बघून वर कळवलं होतं, बुरशी आहे. एका तरुण माणसाला दोन दिवस ते औषध दिलं गेलं, ज्याने अंग थडथड उडतं आणि जे मूत्रपिंडांना झोंबतं. तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी काच स्वतः बघितली आणि भर बैठकीत म्हणाले, "आपल्या प्रयोगशाळेत कापसाचं पीक बरं आलंय." सगळे हसले. त्या तरुणाला पुढे काही झालं नाही, तो चालत घरी गेला. पण काका त्या बैठकीतून अजून बाहेर आले नव्हते. तेव्हापासून धागा दिसला की त्यांच्या कानात ते हसणं वाजायचं आणि हात आपोआप 'नाही' लिहायचा.

त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला. पुस्तकांच्या खाली एक जुनी चौकड्यांची वही होती. ती त्यांनी कोणाला कधी दाखवली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांना शिकवणारे गुरुजी सांगत, "दिसलं ते आधी काढायचं आणि मग त्याला नाव द्यायचं. नाव आधी दिलं की डोळा नावाचंच ऐकतो." त्यामुळे ज्याची शंका येईल ते काका पेन्सिलीने वहीत काढून ठेवत. अशा सात वह्या भरल्या होत्या. जगातल्या एवढ्या शंका काढून ठेवणारा माणूस म्हणजे वेडाच, असं त्यांना स्वतःला वाटे, म्हणून वही पुस्तकांखाली.

सोमवारचं पान निघालं. वर पट्टीसारखा एक रुंद धागा, कुठे जाड कुठे बारीक, एका ठिकाणी फीत मुडपावी तसा मुडपलेला. त्याच्या अंगातून काटकोनात दुसरा धागा निघालेला, तेवढाच रुंद. खाली लिहिलेलं: गॉजचा धागा, बहुतेक.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. दोन सुटे धागे एकमेकांवर पडले असते तर वरच्याची कड खालच्यावरून गेलेली दिसली असती. तिथे रेघ आली असती. चित्रात रेघ नव्हती. एक धागा दुसऱ्यातून फुटला होता, फांदी फुटते तसा. कापसाच्या धाग्याला फांदी फुटत नाही. आणि पट्टीच्या आत आडवी भिंत एकही नव्हती. हाताने जे दिसलं ते इमानाने काढलं होतं. त्याच हाताने दोन बोटं खाली जाऊन खोटं नाव लिहिलं होतं.

ताई त्यांच्या खांद्यावरून बघत होती. तिने ती वही पहिल्यांदाच पाहिली. "काका," ती हळूच म्हणाली, "ती काच कुठाय?"

"सोमवारीच टबात टाकली. धुतली."

"उरलेला तुकडा?"

"खलला सगळा."

"मग आता?"

काकांनी घड्याळ बघितलं. अडीच वाजून गेले होते. सूज उतरवणारं ते औषध काय करतं हे त्यांना माहीत होतं. शरीराची सगळी मारामारी ते शांत करतं. सूज असेल तर उत्तमच. बुरशी असेल तर पहारेकऱ्याला झोपवून दार उघडं टाकण्यासारखं आहे. त्यांनी फोन उचलून वॉर्डात लावला.

"डोळ्यांच्या मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत," सिस्टर म्हणाली. "निरोप आहे का?"

"निरोप... म्हणजे, बहुतेक... नंतर करतो." त्यांनी फोन ठेवला. रिसीव्हरवर घामाचे डाग उमटले.

"मी जाऊ का वर?" ताईने विचारलं.

हो म्हणावंसं त्यांना फार वाटलं. तिची जीभ सुरीसारखी होती, ती दोन मिनिटांत काम करून आली असती. "नको," ते म्हणाले. "बघितलं मी आहे."

वही काखेत घेऊन तीन मजले ते जिन्याने चढले. लिफ्टमध्ये कोणीतरी भेटलं असतं. एकेका पायरीवर त्यांना एकेक शंका गाठत होती. चित्र काढताना रेघ राहून गेली असेल तर? पेन्सिलीचं टोक बोथट असेल तर? ती नुसती सूजच असेल, शीर दाबली जात असेल आणि आपण औषध अडवून तिचा डोळा घालवत असू तर? पुन्हा ते थडथडवणारं औषध, पुन्हा कापसाचं पीक. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले. खाली जाणं अजून सोपं होतं. कोणाला काही कळलं नसतं. सोमवारच्या कागदावर त्यांची सही होती, पण बशीही कोरी होती. सगळं नियमाने झालं होतं.

इथे त्यांना एक गोष्ट कळली, आणि ती काही फार शूर गोष्ट नव्हती. शंका तर दोन्हीकडे सारखीच होती. पण आत्तापर्यंत ती एकट्या त्यांच्या खणात होती, आणि औषध दुसऱ्याच्या हातात जाणार होतं. निदान ज्याचा डोळा आहे आणि ज्याला ठरवायचं आहे, त्यांच्यापुढे ती शंका असायला हवी होती. ते पुढची पायरी चढले.

वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक चाळिशीची धिप्पाड बाई मांडी घालून बसली होती. डावी पापणी मिटलेली, गाल सुजलेला. सिस्टर तिच्या उशाशी बाटली टांगत होती.

"सलाइनवाले का तुम्ही?" बाईने एका डोळ्याने त्यांना न्याहाळलं.

"नाही. मी खालचा."

"खालचे तर आम्ही सगळेच. वर कोण पोचलंय अजून?"

"प्रयोगशाळेतला," काका पुटपुटले.

"अगंबाई, म्हणजे चांगल्या कागदाचे! आई, हे बघा कोण आले." भिंतीशी पेंगणारी सासू दचकून उठली. काकांना जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ते सिस्टरच्या टेबलापाशी गेले आणि औषध जरा थांबवायला सांगितलं. सिस्टर म्हणाली, "मॅडमची ऑर्डर आहे. तुमच्या तोंडी शब्दावर थांबवू?" तेवढ्यात मॅडम आल्याच. डोक्यावरची हिरवी टोपी अजून काढलेली नव्हती, डोळे थकलेले. काकांनी वही छातीशी धरली आणि जे सांगायचं ते एका दमात सांगून टाकलं.

मॅडमचा चेहरा कडक झाला. "काच दाखवा मला."

"धुतली."

"तुकडा?"

"खलला. तेही चुकलंच माझं."

"मग तुमच्याकडे आहे तरी काय?"

"हे," म्हणून काकांनी वही उघडली.

मॅडमनी चित्र बघितलं. खालची ओळ वाचली. "इथे तर तुम्हीच गॉज लिहिलंय."

"लिहिलं ते चुकीचं असेल. काढलं ते... मला दिसलं तसं आहे."

"खात्री आहे?"

"नाही."

"अहो, मी त्या बाईचं औषध थांबवायचं, पुन्हा नाकात दुर्बीण घालायची, आणि तुम्ही म्हणता खात्री नाही?"

"बहुतेक," काका म्हणाले. सिस्टरने हसू लपवायला मान वळवली. हे नाव तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलेलं होतं.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी टोपी काढली आणि विचारलं, "बहुतेक आहे, की बहुतेक नाही?"

असं त्यांना तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. काका चित्राकडे बघत राहिले. जिथे रेघ नव्हती त्या जागेकडे.

"बहुतेक आहे," ते म्हणाले.

"सिस्टर, बाटली उतरवा," मॅडम म्हणाल्या, आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना फोन लावायला वळल्या.

सव्वाचारला नवा तुकडा खाली आला, या वेळी गॉजमध्ये नाही, मिठाच्या पाण्याच्या बाटलीत. सोबत निरोप होता: नाकात आत एक काळा डाग दिसतोय, सोमवारी नव्हता. काकांनी नवं पातं काढलं. ताईने चिमट्याने तुकडा धरला आणि काकांनी कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या चकत्या काढल्या. खल रॅकवर पालथा पडला होता, त्याच्याकडे दोघांनी बघितलं नाही. अर्ध्या चकत्या बशीत ठेवल्या, एक काचेवर घेतली, पोटॅशचं पाणी घातलं, काचेला किंचित ऊब दिली. मग वाट बघितली. मांस हळूहळू काचेसारखं स्वच्छ झालं.

काकांनी नळीला डोळा लावला. बराच वेळ ते हलले नाहीत. मग उठले आणि खुर्ची ताईकडे सरकवली. "तुम्ही बघा. मी आधी काही सांगत नाही."

ताईने बघितलं. "पट्टीसारखे आहेत," ती म्हणाली. "खूप आहेत. भिंत कुठेच नाही." आणि मग अगदी हळू, "काटकोन."

काकांनी फोन उचलला. "मॅडम, आहे," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला.

"शब्द विसरलात काका," ताई म्हणाली. पण काकांना हसू आलं नाही. 'आहे' म्हणजे काय, हे वरच्या खाटेवरची बाई आता ऐकत असेल, हे त्यांना दिसत होतं.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. पोकळ्यांमधलं सडलेलं सगळं खरवडून काढलं. डोळा काढायचा की ठेवायचा, यावर दोन डॉक्टर बराच वेळ बोलले आणि ठेवायचं ठरलं, रोज बघत राहण्याच्या बोलीवर. मग ते थडथडवणारं औषध, आठवड्यामागून आठवडे. दर दोन दिवसांनी तिचं रक्त मूत्रपिंडांच्या तपासणीसाठी त्याच खिडकीत यायचं. काका बाटलीवरची चिठ्ठी वाचायचे आणि आकडा येईपर्यंत पुस्तक उघडायचे नाहीत. बशीत दुसऱ्याच दिवशी राखाडी कापसासारखी बुरशी उगवून पार झाकणाला टेकली होती. ताईने ती त्यांना न बोलता दाखवली होती.

तीन महिन्यांनी खिडकीवर पुन्हा टकटक झाली. सासू आणि सून. सून बरीच वाळली होती. डावी पापणी वर आली होती, पण पुरी नाही, आणि डोळा कडेला वळायला कुरकुरत होता.

"ओळखलंत का?" सासू म्हणाली.

"बहुतेक," काका म्हणाले आणि उभे राहिले.

"डोळा राहिला," सून म्हणाली. "दिसतं म्हणजे... धुकं असतं तसं. बस नाही चालवता येणार. डेपोत बसवलंय मला. आता मी दुसऱ्यांना सांगते, गाडी कशी चालवू नये." ती हसली, मग थांबली. "तुमच्यामुळे वाचले म्हणतात मॅडम. म्हणून आले."

काकांनी ठरवलं काहीच नव्हतं. पण ते आभार त्यांना तसेच घेववेनात. "माझ्यामुळे उशीर झाला," ते म्हणाले. "सोमवारीच दिसलं होतं मला. मी चिंधीचा धागा समजलो. आणि तुकडा खलला, तो खलायचा नसतो. गुरुवारी तिसऱ्या मजल्यावर आलो ते त्यासाठी. तीन दिवस गेले तुमचे."

सासूचा हात पिशवीवर घट्ट झाला. "म्हणजे? तीन दिवस? अहो, मी साखर पडो म्हणून गेले होते तुमच्या तोंडात!"

"थांबा आई." सुनेने कठड्यावर दोन्ही हात ठेवले. ती आता हसत नव्हती. "तीन दिवसांत किती गेलं असेल? डोळ्याचं?"

"माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही सांगता येणार. थोडं गेलं असेल. कदाचित बरंच."

मग उजवा डोळा तळहाताने झाकून तिने डाव्याने काकांकडे बघितलं, काय दिसतंय ते अजमावत असल्यासारखं. हात काढला.

"आमच्याकडे अपघात झाला ना," ती म्हणाली, "तर चुकी कोणाची का असेना, ड्रायव्हरला कागदावर रस्ता काढावा लागतो. वळण कुठे, समोरची गाडी कुठे, मी ब्रेक कधी दाबला. खाली स्वतःच्या हाताने लिहायचं. मी दोनदा लिहिलंय. लाज वाटते. पण दुसऱ्या दिवशी त्या वळणावरून जाणाऱ्याला तो कागद वाचायला देतात. तुम्ही लिहिलंत का?"

नोंदवहीत गुरुवारी त्यांनी नवी ओळ लिहिली होती: दुसरा नमुना, बुरशी आढळली. सोमवारची ओळ तशीच होती.

"नाही लिहिलं," ते म्हणाले.

"लिहा," ती म्हणाली. रागाने नाही, आणि माफ केल्यासारखंही नाही. "चला आई, पायरी सांभाळा." खरं म्हणजे सासूनेच तिचा डावा हात धरला होता.

त्या गेल्यावर काकांनी मोठी नोंदवही काढली आणि पानं मागे उलटली. सोमवारची ओळ सापडली. तिच्यावर त्यांनी लाल शाईची एकच रेघ मारली, खालची अक्षरं वाचता येतील अशी. मग बाजूच्या कोऱ्या पट्टीत लिहायला लागले. पट्टी अरुंद होती, अक्षरं आडवी पडायला लागली. धागा दिसला होता. तपासणाऱ्याने तो गॉजचा समजला. तुकडा खलला, म्हणून बशीत उगवला नाही. बुरशीच्या शंकेचा तुकडा खलू नये. 'तपासणाऱ्याने' खोडून त्यांनी 'मी' लिहिलं, आणि त्यामुळे पुढचं क्रियापदही बदलावं लागलं.

ताई येऊन शेजारी उभी राहिली. काकांनी खालच्या खणातून चौकड्यांची वही काढली, सोमवारचं पान फाडलं आणि त्याच्या कडांना डिंक लावला.

"वही दाखवणार सगळ्यांना?" तिने विचारलं.

"एवढं पान," काका म्हणाले.

चित्र त्यांनी नोंदीशेजारी चिकटवलं. कागदाला सुरकुती पडू नये म्हणून त्यावर तळहात दाबून धरला. खिडकीवर कोणीतरी टकटक केली, कागद झाला का म्हणून विचारलं. काका म्हणाले, जरा थांबा, आणि डिंक वाळेपर्यंत हात उचलला नाही.